डोस बदलल्यावर घरी कोणतं बीपी यंत्र उपयोगी? दंडाचं की मनगटाचं

ज्येष्ठांच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या की पुढचे काही आठवडे घरच्या यंत्राची खरी परीक्षा असते. मनगटाचं यंत्र बांधायला सोपं, पण मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली राहिलं तरी आकडा 7-8 ने वाढून येतो. आमची पसंती दंडाच्या यंत्रालाच.

घेताना ब्लूटूथ वगैरे नंतर बघा, आधी पट्टा. सोबत येणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर तोच आवळला तर बीपी उगाच जास्त दिसतं. त्या आकड्यावर गोळी वाढली, तर म्हातारं माणूस चक्कर येऊन पडायचं.

लागोपाठ तीनदा मोजून सरासरी दाखवायची सोय बसून मोजायला छान, पण उभं राहून मोजताना ती बंद ठेवा. लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी सुरू झाली असेल, तर उभ्याने बीपी बघणं फार गरजेचं. 5 मिनिटं आडवं पडून एकदा मोजा. मग पट्टा न सोडता उभं करा आणि 1 व 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चक्कर नसली तरी डॉक्टरांना कळवा. सरासरीत नेमकी हीच घसरण झाकली जाते. यासाठी नळी लांब असलेलं यंत्र निवडा. मोजताना शेजारी कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली तर मोजणं सोडून लगेच बसवा.

रोजचं मोजणं बसूनच: सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, न बोलता. आठवडाभराच्या नोंदींतून पहिला दिवस वगळून सरासरी काढा. घरी 135/85 ही साधारण सीमा धरतात; वयस्करांसाठी डॉक्टर वेगळी ठरवू शकतात. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी यंत्राला दोष देऊ नका.

उणिवाही आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आकडे वरखाली होतात. अशा वेळी तीनदा मोजलेलं बरं. नवरा-बायको एकच यंत्र वापरत असतील, तर दोन वेगळ्या नोंदी ठेवणारं घ्या, नाहीतर एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर डॉक्टरांपुढे जातात.