सीड लॅब्जवर नेटवर्क सिक्युरिटी: सेमिस्टरभर वापरल्यानंतर

सीड लॅब्ज म्हणजे संगणक सुरक्षा शिकवणाऱ्या प्रयोगांचा संच. त्यातले डॉकर कंटेनर (एकाच संगणकात चालणारी हलकी, वेगवेगळी मशीन्स) डीसीडाउन आज्ञेने बंद करून पुन्हा डीसीअपने सुरू केले की ब्रिजचं, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आभासी स्विचचं, नाव बदलतं. सीड लॅब्जबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच. सिराक्यूज विद्यापीठाच्या प्रा. वेनलियांग डू यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा संच, उबुंटू २०.०४ची व्हीएम (आभासी संगणक), कंटेनरांचे १०.९.०.५ सारखे पत्ते हे सगळं वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून मी पुढे जातो.

ब्रिजचं नाव म्हणजे 'बीआर', एक डॅश आणि नेटवर्क आयडीची पहिली १२ अक्षरं. एकूण १५. लिनक्स इंटरफेसच्या नावाला त्याहून लांब होऊच देत नाही. डाउन केल्यावर नेटवर्क पुसलं जातं, अप केल्यावर नवा आयडी मिळतो आणि स्कॅपीच्या (पॅकेट्स बनवणारी व पकडणारी पायथन लायब्ररी) प्रत्येक स्क्रिप्टमधलं नाव हाताने बदलावं लागतं. जुनं नाव राहिलं तर निदान एरर तरी येते. नाव दिलंच नाही, तर स्कॅपी डिफॉल्ट राउटचा, म्हणजे व्हीएममधून बाहेर जाणारा, इंटरफेस उचलतं. स्निफर (पॅकेट्स ऐकणारी स्क्रिप्ट) मुकाट चालू राहतो, एकही पॅकेट दिसत नाही आणि विद्यार्थी फिल्टरमधली चूक शोधत बसतो. उपाय एका ओळीचा आहे: कंपोज फाइलमध्ये (कंटेनर आणि नेटवर्कची मांडणी जिथे लिहिलेली असते) नेटवर्कखाली ड्रायव्हर ऑप्ट्समध्ये 'कॉम डॉट डॉकर डॉट नेटवर्क डॉट ब्रिज डॉट नेम' लिहून स्वतःचं ठरलेलं नाव द्या. हे प्रत्येक लॅबच्या फाइलमध्ये करायचं. नुसतं थांबायचं असेल तर डाउनऐवजी स्टॉप वापरा, नेटवर्क जसंच्या तसं राहतं.

अटॅकर कंटेनर होस्ट मोडमध्ये असतो, म्हणजे व्हीएमचे सगळे इंटरफेस त्याच्या हातात. सुरुवातीला मला हे अर्धवट वाटलं होतं, कारण वेगळं मशीन म्हणावं असं काही उरत नाही. आता मत बदललंय. साधा कंटेनर ब्रिजवरची दुसऱ्यांची पॅकेट्स ऐकूच शकत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या तीन व्हीएम ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपत नाहीत. फक्त व्हर्च्युअलबॉक्सचं अॅडॉप्टर नॅटवरच (व्हीएम लॅपटॉपच्या आड राहतं) ठेवा. ब्रिज्डवर (व्हीएम थेट बाहेरच्या नेटवर्कवर) असेल तर चुकलेल्या इंटरफेसवरचं खोटं एआरपी (कोणत्या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता हे सांगणारा संदेश) थेट हॉस्टेलच्या नेटवर्कवर जातं, आणि परवानगीशिवाय तसं करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली येऊ शकतं.

पैसे वसूल होतात (म्हणजे वेळ, लॅब्ज फुकट आहेत) ते सिन फ्लडिंगमध्ये (जोडणीच्या खोट्या विनंत्यांनी सर्व्हरची रांग भरणं), कारण तो हल्ला पहिल्या फटक्यात बहुधा फसतो. सिन कुकीज (या हल्ल्यावरचा कर्नलचा बचाव) बंद असूनही दुसऱ्या कंटेनरवरून टेलनेट (दूरच्या मशीनवर लॉगिन) आरामात जोडलं जातं. कारणं तीन. पहिलं, कुकीज बंद असताना कर्नल बॅकलॉगचा (अर्धवट जोडण्यांच्या रांगेचा) चौथा हिस्सा आधी जोडणी करून गेलेल्या पत्त्यांसाठी राखतो. बॅकलॉग १२८ असेल तर अनोळखी पत्त्यांच्या अर्धवट जोडण्या ९७वर अडतात आणि जुना ओळखीचा आत शिरतो. ही ओळख पुसायला व्हिक्टिमवर (हल्ला होणाऱ्या मशीनवर) 'आयपी टीसीपी_मेट्रिक्स फ्लश' चालवावं लागतं. दुसरं, सिन-ॲक (विनंतीला सर्व्हरचं उत्तर) पाच वेळा पुन्हा पाठवून झाला की सुमारे ६३ सेकंदांनी नोंद गळते. मोकळ्या जागेवर आधी कोण पोहोचतं ही शर्यत असते, आणि पायथन त्यात हरतं. एकाच वेळी स्क्रिप्टच्या चार-पाच प्रती चालवा किंवा सीमधला प्रोग्रॅम घ्या. तिसरं, खोटा पत्ता खरोखरच कुणा जिवंत मशीनचा निघाला तर ते आरएसटी (जोडणी तोडणारं पॅकेट) पाठवतं आणि नोंद लगेच पुसली जाते. रांग भरली की नाही याचा अंदाज बांधू नका, 'एसएस'ने सिन-रिसीव्ह अवस्थेतल्या ओळी मोजा. ९७च्या आसपास आकडा स्थिर दिसला तरच हल्ला चालू आहे म्हणायचं.

खोटं आरएसटी पाठवून दुसऱ्यांची जोडणी तोडायच्या भागात वायरशार्क (पॅकेट्स दाखवणारं साधन) घात करतो. तो सीक्वेन्स नंबर (बाइट्सचा अनुक्रमांक) सापेक्ष, म्हणजे शून्यापासून मोजून, दाखवतो, ते उतरवून पाठवलं की काहीच घडत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टीसीपीखालची खूण काढा. आरएफसी ५९६१नंतर (टीसीपी अधिक सुरक्षित करणारा मानक दस्तऐवज) नंबर नुसता विंडोत असून भागत नाही, नेमका तोच लागतो. नाहीतर समोरून चॅलेंज ॲक (खात्री करून घेणारं उत्तर) येतो.

एआरपीच्या मॅन-इन-द-मिडलमध्ये (दोघांच्या मध्ये बसून पॅकेट्स बदलणं) टेलनेट जोडून होईपर्यंत आयपी फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट्स पुढे पाठवणं) १ ठेवा, मग ० करा. फिल्टरमध्ये सोर्स मॅक (पाठवणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता) द्या, नाहीतर स्क्रिप्ट आपलीच पॅकेट्स पुन्हा पकडत फिरते. बदललेल्या पॅकेटमधलं चेकसम फील्ड (पॅकेट बिघडलं का हे तपासणारा आकडा) पुसायला विसरू नका.

कमिन्स्की हल्ला (२००८), म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या कॅशेत खोटी उत्तरं घुसवणं, शेवटी करा. लॅबमध्ये डीएनएस सर्व्हरचा सोर्स पोर्ट ३३३३३वर बांधलेला असतो, म्हणून फक्त १६ बिटांचा ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे ६५,५३६ शक्यता ओळखायच्या. खऱ्या जगात पोर्टही बदलता असतो, हे शिकवणाऱ्याने आवर्जून सांगायला हवं, नाहीतर मुलं तो हल्ला आजही इतकाच सोपा आहे असं समजून बाहेर पडतात. पॅकेटचा साचा स्कॅपीने बनवून फाइलमध्ये ठेवा आणि आयडी व सबडोमेनची बाइट्स सीने बदला. निव्वळ स्कॅपीने खरं उत्तर येण्याआधी पुरेसे अंदाज पाठवून होत नाहीत. प्रत्येक प्रयत्नाआधी 'आरएनडीसी फ्लश'ने कॅशे पुसा, आणि नंतर कॅशे डंप करून एनएस नोंद (डोमेनचा नेमसर्व्हर कोणता हे सांगणारी) तपासा.