लॉक असलेला जुना सर्व्हर: ९ महिन्यांनंतर

आमचं नारायण पेठेत डीटीपी आणि छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि गणपती आले की दिवाळी अंकांची धावपळ. २० वर्षांच्या फाइली ११ पोर्टेबल डिस्कवर पसरलेल्या, आणि त्यातल्या दोन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत हे फक्त बायकोला ठाऊक. म्हणून मार्चमध्ये डेलचा पॉवरएज आर ७२० हा सर्व्हर, म्हणजे सगळ्या फाइली एका जागी ठेवायचा मोठा संगणक, घेतला. अर्थात वापरलेला. हे मॉडेल २०१२ चं, म्हणजे संगणकांच्या हिशेबात आजोबाच.

भोसरीजवळच्या एका गोडाऊनमध्ये कंपन्यांच्या लिलावातला माल येतो, तिथे मिळाला. बाकीचे तसेच सर्व्हर २८ हजारांच्या आसपास आणि हा एकटाच १७ हजारांना. का, तर, "काका, याला लॉक आहे. चालू होतो, पण सेटिंगमध्ये जाता येत नाही. परत आणलात तर घेणार नाही." मी पक्कं बिल मागितलं आणि त्यावर सर्व्हिस टॅग लिहून घेतला. सर्व्हरच्या तोंडाशी एक छोटी पट्टी ओढून बाहेर येते, तिच्यावर हा ७ अक्षरांचा टॅग असतो. बिलावर टॅग लिहायला कोणी कां-कूं केलं तर तो माल कितीही स्वस्त असला तरी मी हात लावला नसता. लॉक उघडायचं ते स्वतःच्या वस्तूचं.

लॉक नेमकं काय होतं ते सांगतो, कारण लोक सगळ्यालाच 'बायोस पासवर्ड' म्हणतात (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम). डेलच्या सर्व्हरमध्ये दोन वेगळे पासवर्ड असतात. सिस्टिम पासवर्ड मशीन सुरू होतानाच विचारला जातो, सेटअप पासवर्ड एफ-२ दाबून सेटिंगमध्ये जाताना. आमच्याकडे दुसरा होता. मशीन सुरू व्हायचं, पंखे विमानासारखे ओरडायचे, पण पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकायला लागणारी कुठलीच सेटिंग बदलता येत नव्हती.

पहिल्या रात्री मी भाच्याला बोलावलं. त्याने आधी अंदाज लढवले. तीन चुकीचे झाले की मशीन थांबतं, वीज बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि हा सर्व्हर सुरू व्हायलाच चांगली काही मिनिटं घेतो. अशा चार फेऱ्यांत एक तास गेला. मग घरच्या पीसीवर चालते ती युक्ती, म्हणजे बोर्डवरचा गोल सेल काढून ठेवायचा. सीआर २०३२ सेल रात्रभर बाहेर ठेवला. सकाळी घड्याळ चुकलेलं, पासवर्ड जागच्या जागी! हा पासवर्ड सेलच्या जिवावर राहतच नाही, त्यामुळे सेल काढून फक्त तारीख बिघडते. तपकीर गल्लीतून नवा सेल आणला तेवढाच फायदा.

आणि उत्तर आमच्या डोक्यावरच होतं. झाकण काढून उलटं ठेवलं, तर आतल्या बाजूच्या स्टिकरवर जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची, आकृती छापलेली. बोर्डवर ६ पिना, दोन ओळींत. सम आकड्यांची ओळ पासवर्डची, विषम आकड्यांची एनव्हीरॅमची, म्हणजे बाकीच्या सेटिंग जपणाऱ्या मेमरीची. पासवर्डचा जंपर २ आणि ४ वर असतो, तो ४ आणि ६ वर सरकवायचा. भाचा उत्साहाच्या भरात शेजारचा जंपर ओढणार होता. मी म्हटलं, "अरे, थांब, आधी वाच." दोघांनी टॉर्च धरून, चिमट्याने, विजेच्या दोन्ही वायरी काढलेल्या असल्याची दोनदा खात्री करून तो इवलासा तुकडा हलवला.

इथे एक गोची आहे. जंपर हलवल्याबरोबर पासवर्ड पुसला जात नाही. त्या स्थितीत मशीन एकदा सुरू व्हावं लागतं, तेव्हा तो जातो. पुन्हा बंद करून, वायरी काढून, जंपर २ आणि ४ वर परत आणायचा आणि मगच नवा पासवर्ड घालायचा. न आणता घातला तर पुढच्या सुरुवातीला तोही पुसला जातो. आम्ही घाईत तसंच केलं आणि अर्धा तास एकमेकांकडे बघत बसलो.

एवढं झाल्यावर एफ-२ उघडलं. लगेच आयड्रॅकची सेटिंग मूळपदावर आणली. आयड्रॅक म्हणजे सर्व्हरच्या आतला दुसरा छोटा संगणक, लांबून मशीन चालू-बंद करायला आणि तब्येत बघायला. जुन्या कंपनीने कुलूप लावलं होतं, पण आत आपला आयपी पत्ता, दोन युजरची नावं आणि सगळी नोंदवही तशीच सोडली होती. डिस्क मात्र काढून घेतल्या होत्या, हे शहाणपण. नोंदवहीत कधी एका पॉवर सप्लायची वीज गेली, कधी पंखा गेला ते सगळं होतं. त्यातच आमच्या त्या रात्रीची, झाकण उघडल्याची नोंदही होती. मूळपदावर आणल्यानंतर या पिढीच्या आयड्रॅकचं नाव रूट आणि पासवर्ड कॅल्विन होतो. हे जगाला माहीत आहे, तेव्हा तो पहिल्याच दिवशी बदला.

लॉकच्या नावाखाली ११ हजार वाचले, ते बऱ्यापैकी परत गेले. कॅडी, म्हणजे डिस्क बसवून खणात सरकवायच्या चौकटी, सोबत नव्हत्या, नुसती रिकाम्या खणांची प्लॅस्टिकची झाकणं होती. आठ कॅडी शोधायला तीन आठवडे लागले. हार्डडिस्कचा खर्च वेगळा.

आता खरी रोजची डोकेदुखी, आवाज. पंखे सहा आहेत. नुसते डेलचे भाग असताना ते शांत होतात, पण मी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क कार्ड घातलं आणि कायमचा सूं सूं आवाज सुरू झाला. अनोळखी कार्ड दिसलं की हा सर्व्हर सावधगिरी म्हणून पंखे वाढवतो. आयपीएमआय-टूल नावाच्या, आयड्रॅकला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमने तो स्वभाव बंद करता येतो, केला. तरी मशीन जिन्याखाली ठेवलंय, आणि जून उजाडेपर्यंत तिथली धूळ दर महिन्याला ब्रशने काढावी लागली.

वीज आयड्रॅकवरच दिसते. दोन प्रोसेसर असताना निवांत अवस्थेत १४० वॅट, म्हणजे महिन्याला सुमारे १०० युनिट. फाइली ठेवायला दुसरा प्रोसेसर हवा कशाला? काढला. १०५ वॅटवर आलो, ७५-७६ युनिट. पण मेमरीच्या २४ खाचांपैकी १२ आणि काही कार्डाचे स्लॉटही त्याच्याबरोबर गेले, हे आधी माहीत असलेलं बरं. तसंच, वेगवान एनव्हीएमई डिस्कवरून हा सर्व्हर थेट सुरू होत नाही. आमची सिस्टिम आतल्या यूएसबीवरून चालते.

प्रॉक्समॉक्स टाकलंय, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक स्वतंत्र संगणक चालवणारी सिस्टिम, वर फाइलींचा एक आणि हिशेबाचा एक कप्पा. ऑक्टोबरमध्ये एका जुन्या ग्राहकाने २००९ सालच्या अंकाचं मुखपृष्ठ मागितलं. चार मिनिटांत दिलं. लाइट गेली की यूपीएस ओरडतो तेवढं सोडलं तर नऊ महिन्यांत एकदाही बंद पडलेला नाही.

गेल्या आठवड्यात भोसरीहून फोन आला, "काका, आणखी एक लॉकवाला आलाय, घेता का?" एचपीचा प्रोलायंट, जेन ९. त्यात जंपरऐवजी बोर्डवर छोट्या स्विचांची रांग असते. पाचवा सुरुवातीच्या पासवर्डचा, पहिला आयएलओच्या, म्हणजे एचपीच्या आयड्रॅकच्या, सुरक्षेचा. मी विचारलंय, सोबत कॅडी आहेत का. उत्तर अजून आलेलं नाही.