जुन्या लाकडी क्रूझरचा तळ: फुगणारा, चिकटवलेला की मढवलेला?

तळाच्या फळीतल्या स्क्रूच्या खाचेत पेचकस घालून जोर लावावा आणि स्क्रू फिरण्याऐवजी गाजरासारखा मोडावा, असं झालं की मोडलेला तुकडा उजेडात धरून बघा. आतून तो पिवळा न दिसता गुलाबी दिसला, तर पितळेतलं जस्त निघून गेलेलं आहे आणि मागे उरलाय तो तांब्याचा भुसभुशीत सांगाडा. एखाददुसरा असेल तर हरकत नाही. वेगवेगळ्या जागचे दहा स्क्रू काढले आणि त्यातले सहा असे निघाले, तर फळ्या निव्वळ सवयीनं जागेवर टिकून आहेत असं समजायचं. मग बरेचदा तळ उघडावा लागतो, आणि उघडल्यावर नवा तळ कोणत्या पद्धतीनं बांधायचा हा प्रश्न समोर उभा राहतो.

रस्ते तीन आहेत. जुन्या पद्धतीचा, पाण्यात फुगून आपोआप घट्ट होणारा तळ. पॉलियुरेथेनच्या लवचीक सीलंटमध्ये फळ्या बसवलेला तळ. आणि इपॉक्सी (कडक वाळणारी राळ) व काचेच्या कापडानं मढवलेला तळ. तिन्हींचे कट्टर भक्त आहेत आणि तिघेही आपापल्या बोटीपुरते बरोबर असतात. माझ्या मते पद्धत निवडण्याआधी एका गोष्टीचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं: वर्षातले किती महिने ही बोट पाण्यात उभी असणार आणि किती महिने छपराखाली कोरडी पडून असणार? खर्च, श्रम, डागडुजी हे सगळं त्या उत्तराच्या मागून येतं.

मुळात या बोटी कशा बांधलेल्या असतात ते आधी पाहू. क्रिस-क्राफ्टसारख्या अमेरिकन कारखान्यांच्या विसाव्या शतकाच्या मध्यातल्या लाकडी क्रूझरमध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोटरबोटींमध्ये, बरगड्या सहसा पांढऱ्या ओकच्या आणि फळ्या ‘फिलिपिन महॉगनी’च्या असतात. नाव महॉगनी असलं तरी ते झाड महॉगनीचं नव्हे; साल वृक्षाच्या कुळातलं आहे. बऱ्याच बोटींचा तळ दुहेरी असतो: आत पातळ थर, त्यावर पाणी अडवणाऱ्या चिकट लेपात भिजवलेलं कॅनव्हास, आणि बाहेर फळ्या. काहींचा तळ एकेरी फळ्यांचा असतो आणि सांध्यांत कापसाची वात ठोकून वर मऊ लांबी (पुट्टी) भरलेली असते.

लाकूड पाणी पितं तेव्हा लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. १०० मिमी रुंदीची फळी कोरडीची चिंब होईपर्यंत, ती खोडातून कशी कापली आहे त्यानुसार, साधारण २ ते ४ मिमी रुंदावते. अशा वीस फळ्या शेजारीशेजारी असल्या की ही वाढ जाणार कुठे? ती सांध्यांवर दाबते. त्या दाबानंच जुना तळ पाणी अडवतो, आणि हिशेब चुकला तर त्याच दाबानं बरगड्याही मोडतात. तीन पद्धतींत खरा फरक या दाबाचं काय करायचं एवढाच आहे.

फुगणारा तळ

इथे दाबाला काम दिलेलं असतं. फळ्यांमध्ये ठरावीक फट, फटीत हलक्या हातानं ठोकलेला कापूस, वर कायम मऊ राहणारी लांबी. हंगामाच्या सुरुवातीला बोट पाण्यात उतरवली की ती गळते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. चालवणारे अनुभवी लोक पहिली रात्र बोट क्रेनच्या पट्ट्यांतच लटकती ठेवतात, पंप चालू ठेवतात आणि शांत झोपतात. दोन-चार दिवसांत गळती थेंबांवर येते. फार वाळलेल्या बोटीला आठवडाही लागतो.

हा तळ प्रामाणिक आहे. कुठे बिघडलंय ते तो गळून सांगतो. एक फळी खराब झाली तर तेवढीच काढता येते, आणि त्यासाठी रंधा, पटाशी, हातोडी आणि धीर यापलीकडे फारसं काही लागत नाही. पन्नास वर्षांनी दुसरा कोणी हीच फळी तशीच काढू शकेल. मला याची किंमत फार वाटते.

पण त्याला पाणी सतत हवं. महिनाभर ट्रेलरवर, दोन दिवस पाण्यात, परत ट्रेलरवर, असं करत राहिलात तर लाकूड दरवेळी फुगतं आणि आक्रसतं, स्क्रूंची भोकं सैल होतात, आणि प्रत्येक सहलीची सुरुवात पंपाच्या आवाजानं होते. शिवाय पंपाला वीज लागते. धक्क्यावर वीज नसेल आणि बोटीकडे कोणी फिरकणार नसेल, तर एक मेलेली बॅटरी बोट बुडवायला पुरते.

इथली नेहमीची चूक मीही केली आहे. हिवाळ्यात सांधे उघडलेले पाहून मला राहवलं नाही, आणि मी ते कडक इपॉक्सीच्या लांबीनं गच्च भरले. बाहेरून तळ आरशासारखा दिसत होता. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगल्या, फटीत दबायला काही मऊ उरलं नव्हतं, आणि एका बाजूच्या तीन बरगड्या चाइनजवळ, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात त्या कडेजवळ, तडकल्या. कोरड्या फटीत फक्त दाबता येईल असंच काही भरायचं, हे तेव्हा शिकलो. कापूसही जास्त ठोकला तर तोच परिणाम होतो.

चिकटवलेला तळ

ट्रेलरवर राहणाऱ्या लहान बोटींच्या मालकांनी ही पद्धत लोकप्रिय केली. थ्रीएम कंपनीच्या ५२०० या सीलंटवरून तिला बोलताना नुसतंच ‘बावन्नशेचा तळ’ म्हणतात. आत सागरी प्लायवूडचा थर, त्यावर सीलंटचा अखंड लेप, त्यात बाहेरच्या फळ्या दाबून स्क्रूनं ओढलेल्या, आणि फळ्यांच्या फटींतही तेच सीलंट. हे रबरासारखं वाळतं. पुरतं घट्ट व्हायला साधारण आठवडा लागतो. लाकूड हललं तर ते ताणलं जातं, सुटत नाही. महिनाभर कोरडी उभी असलेली बोट सकाळी पाण्यात सोडली तरी बिल्ज, म्हणजे बोटीच्या पोटातली पाणी साचायची जागा, कोरडं.

सुखाची गोष्ट, पण फुकट नाही. काम भयंकर चिकट आहे. एकदा लेप पसरला की तो वाळायला लागण्याआधी फळी जागेवर जायला हवी, म्हणून प्रत्येक फळी आधी कोरडी बसवून, भोकं पाडून, क्रमांक टाकून ठेवावी लागते. दोन माणसं हवीतच. आणि पुढे कधी एखादी फळी बदलायची वेळ आली तर ती सुटत नाही. तुकडे करून, पटाशीनं खरवडून काढावी लागते, आणि बरेचदा खालच्या थराचा पापुद्राही तिच्यासोबत येतो.

एक धोका फारसा बोलला जात नाही. सीलंट लाकडाला पाणी पिण्यापासून रोखत नाही. फळ्या कार्यशाळेत खडखडीत वाळवून एकमेकींना अगदी खेटून बसवल्या आणि मग ती बोट पूर्ण हंगाम पाण्यात ठेवली, तर तोच जुना दाब परत येतो आणि फळ्या पोट काढतात. म्हणून फट ठेवायचीच. आतली बाजू आणि कडा पातळ, मुरणाऱ्या इपॉक्सीनं आणि रंगानं बंद केल्या की हालचाल मंदावते, थांबत नाही.

आणि हेच सीलंट हाताशी आहे म्हणून खिडक्यांच्या चौकटींना आणि तळातून आरपार जाणाऱ्या नळांना लावू नका. जे कधीतरी काढावं लागणार आहे तिथे पॉलिसल्फाइडचं सीलंट वापरा. पुढचा मालक दुवा देईल, आणि पुढचा मालक बहुधा तुम्हीच असाल.

मढवलेला तळ

यात दोन अगदी वेगळी कामं एकाच नावाखाली विकली जातात. एक म्हणजे जुन्या फळ्या घासून त्यावर काचेच्या कापडाचे एक-दोन थर आणि राळ चढवणं. दुसरं म्हणजे सुमारे ३ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्यांचे तिरपे थर इपॉक्सीनं एकावर एक चिकटवून जुन्या तळावर जवळजवळ नवं कवच उभं करणं, आणि त्यावर कापड.

पहिल्याबद्दल माझं मत कडक आहे: करू नका. ‘गळती कायमची बंद’ असं सांगून ते विकलं जातं आणि एक-दोन हंगाम खरोखर बंद होते. पण आतल्या फळ्या हलायच्या थांबत नाहीत, आणि त्यांच्या ताकदीपुढे पातळ कापड टिकत नाही. ते आधी सांध्यांवर रेघोट्या दाखवतं, मग सुटतं. त्याहून वाईट गोष्ट वरून येते. डेकच्या कडेतून, खिडकीच्या कोपऱ्यातून झिरपलेलं पावसाचं पाणी खाली उतरतं आणि कवच व फळी यांच्यामध्ये अडकतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या बराच वर राहिला की बुरशीला तेवढं पुरतं. खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड त्या मानानं टिकतं. बोटी कुजतात त्या बहुतेक पावसाच्या गोड्या पाण्यानं. बाहेरून चकचकीत, आतून भिजलेला पाव.

दुसरं काम मात्र खरं आहे. बोटी बांधणाऱ्या अमेरिकन गूजन बंधूंनी १९७० च्या दशकात इपॉक्सी लाकडी बोटींच्या बांधकामात रुजवल्यापासून अशा कवचाच्या बोटी नीट टिकल्या आहेत. तळ एकसंध होतो, ना फुगणं ना गळणं, आणि उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या जहाजी किड्यालाही आत शिरायला जागा राहत नाही. अटी अवघड आहेत. लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं हवं, म्हणजे अनेक महिने छपराखाली. तेवढ्या काळात जुना सांगाडा नीट आधार नसेल तर आकार सोडतो. इंजिनाखालच्या फळ्यांत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं आणि तिथे काहीच चिकटत नाही. त्या फळ्या बदलायच्याच. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर रंग हवाच. आणि हा रस्ता एकेरी आहे. पुढे कोणाला मूळ तळ परत हवा असेल तर मिळणार नाही. जुन्या बोटींच्या प्रदर्शनांत मूळ बांधणीला मान असतो, ती हौस असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

मग कोणी काय निवडावं

बोट पूर्ण हंगाम पाण्यात, धक्क्यावर वीज, आणि आठवड्याला तुमची फेरी होते: फुगणारा तळ, सिलिकॉन ब्राँझच्या नव्या स्क्रूंनी. मोठ्या क्रूझर अशाच राहतात, म्हणून निम्म्याहून जास्त वेळा मी हेच सुचवेन. बरगड्या आणि फळ्या चांगल्या असून फक्त स्क्रू गेले असतील, तर अख्खा तळ बदलायचा मोह टाळा. जुन्या भोकांच्या मध्ये नवे स्क्रू टाकणं हे कंटाळवाणं पण पुरेसं काम आहे.

लहान क्रूझर, ट्रेलर, महिन्यातून एखादी सहल: चिकटवलेला. इथे फुगणाऱ्या तळाचा हट्ट म्हणजे बोटीला दरवेळी नव्यानं शिक्षा.

बरगड्यांसकट सांगाडा बराचसा नवा करावा लागणार आहे, मोठी कोरडी शेड हाताशी आहे आणि वर्ष-दीड वर्षाची घाई नाही: थरांचं कवच विचारात घ्या. यातली एक जरी अट गळाली तरी नको.

पद्धत कोणतीही असो, पहिली फळी काढण्याआधी कीलच्या, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या, दोन टोकांमध्ये दोरी ताणून बघा. चुकीच्या ठोकळ्यांवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बोटीची टोकं खाली ओघळतात आणि मधला भाग उंटासारखा वर येतो. तळ उघडा असतो तेव्हाच हे जॅक लावून, दिवसाला मिलिमीटरच्या हिशेबानं सरळ करता येतं. वाकड्या कीलवर नवा तळ ठोकला की तो वाकडेपणा कायमचा झाला. चिकटवलेल्या आणि मढवलेल्या तळात तर तो अक्षरशः गोठतो. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदम काढू नका, आलटून पालटून काढा. आणि जस्ताचे गंज-रोधक ठोकळे ‘जास्त तितके बरे’ म्हणून लावत सुटू नका. ते जास्त झाले की ब्राँझच्या नळांभोवती अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड पांढुरकं, केसाळ, मऊ होत जातं.

बोट अजून घ्यायची असेल आणि आधीच्या मालकानं हा निर्णय तुमच्यासाठी घेऊन टाकलेला असेल, तर आधी तो कोणता ते ओळखा. सांध्यांच्या रेघा दिसतात आणि नख लावलं की लांबी दबते: फुगणारा. रेघा दिसतात, पण नखाला रबर लागतं: चिकटवलेला. रेघाच नाहीत: मढवलेला, आणि तिथे विक्रेत्याकडून परवानगी घेऊन आतल्या बाजूनं, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) खालच्या कोपऱ्यात आणि चाइनलगत, बारीक गिरमिटानं दोन-चार भोकं पाडा. भुसा कोरडा आणि कुरकुरीत निघाला तर पुढची बोलणी करा. ओल्या चहापत्तीसारखा निघाला तर भोकं बुजवून द्या आणि घरी या.