बारा दिवसांचे बास्केटबॉल शिबिर आणि आमच्या संघातील पाच जागा

यंदाच्या हंगामापूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघातील चौदा मुलांना आम्ही विभागातील एका मोठ्या शहरात भरणाऱ्या बारा दिवसांच्या निवासी प्रशिक्षण शिबिराला पाठवले. क्रीडा विभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे मीही पूर्णवेळ त्यांच्यासोबत राहिलो. निवास व भोजनासह शुल्क प्रत्येकी ४,५०० रुपये होते. त्यातील निम्मी रक्कम महाविद्यालयाने भरली आणि उरलेली मुलांनी घरून आणली. पेरणी नुकतीच आटोपून बियाणे-खतात हातचे पैसे संपलेल्या घरांतून ही रक्कम आली होती, त्यामुळे तिचा मोबदला काय मिळाला हे नेमकेपणाने लिहिणे मला आवश्यक वाटते. आमचे महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. अशाच ठिकाणी काम करणाऱ्या सहकाऱ्यांना संघ पाठवण्याचा निर्णय घेताना या मजकुराचा उपयोग व्हावा.

शिबिराचे मोल ज्या एका प्रश्नावर ठरवायचे होते, तो मी निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवला होता: पहिल्या पाचांत कोण? गेल्या हंगामात सामन्याच्या सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांपैकी तिघे पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांत सहा फूट दोन इंच उंचीचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) होता, ज्याच्या भरवशावर आम्ही दोन वर्षे रिबाउंडची, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्याची, काळजीच केली नव्हती. जुन्यांपैकी उरले दोघे. एक तृतीय वर्षाचा कर्णधार, जो पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा म्हणून, खेळतो, आणि दुसरा डावखुरा नेमबाज, ज्याचे अर्धे मन पोलीस भरतीत गुंतलेले आहे. इतरांत दोघे कबड्डीतून आलेले, एक व्हॉलीबॉलमधून आलेला सहा फूट तीन इंचांचा मुलगा, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांनी महाविद्यालयात येईपर्यंत बास्केटबॉल हातातही घेतलेला नव्हता. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची गाठ शहरी संघांशी पडते. अमरावतीत तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था १९१४ पासून उभी आहे, त्यामुळे मैदानावर जाणे ही तेथील मुलांना वेगळी सांगण्याची गोष्ट राहत नाही. त्यांच्यापुढे यंदा उंचीच्या बळावर टिकणे शक्य नाही, हे मला ठाऊक होते. मग कशाच्या बळावर टिकायचे, याचे उत्तर मला शिबिरातून हवे होते.

या दृष्टीने शिबिरातील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे तेथील घड्याळ, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. आमच्याकडे सरावाला २४ सेकंदांचे घड्याळ नाही. बाजूला बसलेला राखीव खेळाडू मोठ्याने आकडे मोजतो, आणि आपले मित्र अडचणीत आले की त्याचे सेकंद हमखास लांबतात. शिबिरात दोन्ही बोर्डांवर चालू घड्याळे होती आणि पहिल्या संध्याकाळपासून प्रत्येक सराव सामना त्यांच्यावरच खेळवला गेला. चेंडू ८ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेणे, २४ सेकंदांत रिंगला लागेल असा शॉट घेणे, आणि चुकलेला शॉट रिंगला लागून पुन्हा आपल्याच हाती आला तर नव्याने केवळ १४ सेकंद मिळणे, हे सर्व नियम मुलांना पाठ होते, पण अंगात मुरलेले नव्हते. पहिल्या दोन दिवसांत आमचा संघ प्रत्येक सामन्यात पाच-सहा वेळा घड्याळातच अडकला. कर्णधाराला चेंडू सावकाश आणून, सर्वजण आपापल्या जागी पोहोचले की मग पास देण्याची सवय आहे. तिसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकांनी त्याला एवढेच सांगितले की, घड्याळात १८ दिसायच्या आत पहिला पास हातातून सुटलेला असला पाहिजे. एवढ्या एका सूचनेने खेळाचा वेग बदलला.

त्यातूनच मला अपेक्षित नसलेले एक उत्तर हाती आले. गेल्या वर्षी जेमतेम मैदानात उतरलेला द्वितीय वर्षाचा एक बारीक चणीचा मुलगा दबावाखाली चेंडू कर्णधारापेक्षा लवकर आणि न गमावता पुढे नेतो, हे घड्याळामुळे उघड झाले. आमच्याकडे कर्णधारपद आणि पॉइंट गार्डची जागा ही जणू एकाच सातबाऱ्यावरची नोंद समजली जाते. त्यामुळे हा बदल मी स्वतः सुचवला असता तर संघात कुजबुज झाली असती. शिबिरात ते काम प्रशिक्षकांनी केले, तेही कर्णधाराला बाजूला बसवून नव्हे, तर त्याला चेंडूशिवाय पळायला लावून. सहकाऱ्याच्या स्क्रीनमागून (बचावपटूची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या आडून) बाहेर पडून तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या रेषेजवळ चेंडू घेतल्यावर तो किती शांतपणे नेम धरतो, हे मी तीन वर्षांत प्रथमच पाहिले. पहिल्या पाचांतील दोन जागा अशा रीतीने सहाव्या दिवसापर्यंत पक्क्या झाल्या, आणि शुल्काची निम्मी वसुली माझ्या हिशेबी तेथेच झाली.

पोस्टच्या, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या, जागेबाबत मात्र शिबिराने दिलेला सल्ला मला मान्य नाही. प्रशिक्षकांनी आल्याबरोबर आमच्या उंच मुलाला हेरले, त्याच्यावर रोज अर्धा तास स्वतंत्र मेहनत घेतली आणि शेवटच्या दिवशीच्या लेखी अहवालात त्याला पहिल्या पाचांत ठेवावे, असे स्पष्टपणे सुचवले. मेहनत प्रामाणिक होती, याबद्दल वाद नाही. बॉक्स आउट करताना, म्हणजे रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून धरताना, पाय कोठे रोवायचा, रिबाउंड घेतल्यावर चेंडू खाली न आणता हनुवटीपाशी कसा धरायचा, हे त्याला उत्तम शिकवले गेले. पण तो व्हॉलीबॉलमधून आला आहे आणि समोर हात वर गेला की उडी मारणे हा त्याचा स्वभाव झालेला आहे. प्रतिस्पर्ध्याने शॉटचे नुसते सोंग केले तरी तो हवेत जातो, खाली येताना अंगावर पडतो आणि पंचांची शिट्टी वाजते. सात सराव सामन्यांपैकी तीन सामन्यांत तो चारपैकी तिसऱ्या सत्रातच पाचव्या फाउलवर बाहेर गेला. याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. एका सत्रात संघाचे चार फाउल झाले की त्यानंतरच्या प्रत्येक बचावात्मक फाउलवर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता घ्यायचे शॉट) मिळतात. आमचा हा मुलगा पहिल्या पाच मिनिटांतच त्या चारांपैकी दोन-तीन खर्च करून टाकत असेल, तर बाकीच्या चौघांना उरलेले सत्र हात बांधून खेळावे लागते. त्याने बाकावरून, पहिल्या सत्राच्या उत्तरार्धात उतरावे, असे माझे मत आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी उंची मोजली, पण फाउलचा कागद चाळला नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

त्याउलट कबड्डीतून आलेल्या दोघांकडे पहिले तीन दिवस कोणी लक्षही दिले नाही. चौथ्या दिवशी बचावाचा सराव सुरू झाला आणि सर्वांचे डोळे उघडले. गुडघे वाकवून, नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवून, पाय न ओलांडता आडवे सरकणे हे इतर मुलांना शिकवावे लागत होते. या दोघांनी ते गावच्या मैदानावर चढाईला आलेल्या खेळाडूसमोर दहा वर्षे केलेले होते. अडचण त्यांच्या हातांची होती, कारण कबड्डीत माणूस टप्प्यात आला की पकड करायची असते आणि येथे तीच पकड फाउल ठरते. त्यावर सहायक प्रशिक्षकांनी योजलेला उपाय साधा होता: मानेमागे टॉवेल टाकून त्याची दोन्ही टोके हातांत घट्ट धरायची आणि त्या अवस्थेत केवळ पायांनी समोरच्याला अडवायचे. आठवडाभर असा सराव झाल्यावर दोघांचे फाउल निम्म्याहून कमी झाले. त्यांतील एक जण पहिल्या पाचांत येणार हे आता निश्चित आहे, आणि समोरच्या संघाच्या मुख्य नेमबाजाला रोखण्याचे काम त्याच्याकडेच राहील. टॉवेलचा हा सराव आम्ही परतल्यावरही चालू ठेवला आहे. त्याला ना शुल्क लागते, ना लाकडी मैदान.

मैदानाचा उल्लेख आला म्हणून शिबिराच्या रचनेतील एक मूलभूत उणीव नोंदवतो. तेथील सर्व सराव छताखालच्या लाकडी मैदानावर, काचेच्या बोर्डांवर आणि मऊ पकडीच्या महागड्या चेंडूंनी झाला. आमचे मैदान सिमेंटचे आहे, बोर्ड प्लायचे आहेत आणि चेंडू रबरी आहेत. काचेवरून आपटवून टाकलेला शॉट ज्या कोनातून रिंगमध्ये जातो, त्याच कोनातून आमच्या मऊ पडलेल्या प्लायवर टाकला तर तो जोर हरवून रिंगच्या पुढच्या कडेवर पडतो. परत आल्यावर पहिला आठवडा मुलांचे ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकायचे सोपे शॉट) सुद्धा चुकत होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ग्रामीण भागातून संघ येणार हे आयोजकांना अर्जावरूनच कळलेले असते, त्यामुळे बारांपैकी दोन दिवस तरी बाहेरच्या उघड्या मैदानावर सराव घेणे त्यांना सहज शक्य होते. फ्री थ्रोचा सराव मात्र या फरकातूनही टिकला, कारण तेथे दमवून मग नेम धरायला लावण्याची पद्धत होती. मैदानाच्या चार धावा, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा चार धावा. बोर्डापासून ४.६० मीटरवरची ती रेषा पाय थरथरत असताना किती लांब वाटते, हे सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत कळण्याऐवजी मुलांना शिबिरात कळले.

सोयींबद्दल थोडक्यात. निवासाच्या खोल्या स्वच्छ होत्या. न्याहारीला बाराही दिवस पोहे होते आणि त्यावर तर्री एकदाही आली नाही, ही तक्रार मुलांनी माझ्याकडे माझ्यापेक्षा अधिक गांभीर्याने मांडली. रात्रीच्या जेवणात चार पोळ्यांची मर्यादा होती, जी दिवसातून साडेपाच तास पळणाऱ्या मुलांसाठी अन्यायाची होती. पाचव्या दिवशी मी बोललो तेव्हा ती उठवली गेली. दुपारच्या जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत सामन्यांची चित्रफीत दाखवण्याचे सत्र असे, त्यात निम्मी मुले झोपत. माहितीपत्रकात फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात नवव्या दिवशी आमच्या एका खेळाडूचा घोटा मुरगळला, तेव्हा तसे कोणीही तेथे नव्हते आणि खानावळीतून मागून आणलेला बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मी स्वतः शेक दिला. ही बाब मी गंभीर मानतो आणि आयोजकांना लेखी कळवली आहे.

राहिला डावखुरा नेमबाज. तो रोज पहाटे सर्वांच्या आधी उठून भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव एकटाच करत असे, आणि त्यामुळे सकाळच्या सत्रात त्याचे पाय जड राहतात, असा आक्षेप प्रशिक्षकांनी घेतला. आक्षेप खेळाच्या दृष्टीने योग्य होता, पण मी त्याला थांबवले नाही. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन आणि दोन लहान बहिणी असलेल्या मुलाला भरतीपेक्षा बास्केटबॉल मोठा मान, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. भरतीची तारीख आणि स्पर्धेची तारीख एकमेकींवर आली नाही, तर चौथी जागा त्याची आहे.

या सर्वांवरून माझा निष्कर्ष असा की, चेंडू हाताळणारे आणि बचाव करणारे खेळाडू घडवण्यात हे शिबिर आपले शुल्क पुरेपूर फेडते, उंच पण नवख्या खेळाडूसाठी मात्र बारा दिवस अपुरे आहेत आणि त्याला हंगामभर स्वतःच्याच मैदानावर घडवावे लागते. पुढील वर्षी चौदाऐवजी सहाच मुले पाठवून उरलेल्या पैशांतून मी २४ सेकंदांचे एक साधे घड्याळ घेण्याचा प्रस्ताव प्राचार्यांकडे दिला आहे.

पाचवी जागा अजून मोकळी आहे. तिच्यासाठी कबड्डीचा दुसरा मुलगा आणि घोटा मुरगळलेला खेळाडू यांच्यात चुरस आहे. पहिला सध्या सोयाबीनच्या डवरणीमुळे आठवड्यातून तीनच दिवस सरावाला येतो, आणि दुसऱ्याला गावाची शेवटची एसटी पकडण्यासाठी साडेपाचलाच मैदान सोडावे लागते. संघाची बारा नावे विद्यापीठाकडे पाठवायची वेळ येईपर्यंत दोघांचीही हजेरी मी वहीत मांडतो आहे.