आयरिश पारंपरिक संगीतासाठी पियानो अ‍ॅकॉर्डियन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या शरद ऋतूपासून मी आयरिश पारंपरिक संगीतासाठी पियानो अ‍ॅकॉर्डियन नियमितपणे वापरते आहे. वाद्य जुने आहे आणि अ‍ॅकॉर्डियनसाठीच प्रसिद्ध असलेल्या इटलीतील कास्तेलफिदार्दो या गावात तयार झालेले आहे. उजव्या हाताला ३४ पट्ट्या, डाव्या हाताला ७२ बटणे आणि प्रत्येक पट्टीमागे तीन सूर (म्हणजे आवाज देणाऱ्या पोलादी जिभा), त्यांतला एक खर्जाचा व दोन मधल्या सप्तकातले. आयर्लंडमधल्या गॉलवेमध्ये राहत असल्यामुळे हे संगीत ऐकायला कुठे लांब जावे लागत नाही, आणि लहानपणी पेटी शिकलेली असल्यामुळे पट्ट्यांची ओळख होतीच. नोकरीनिमित्त इकडे आलेली, पेटी येणारी मराठी मंडळी मला ‘हे आम्हाला जमेल का आणि कोणते वाद्य घ्यावे’ असे विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. जमते, हे आधीच सांगून टाकते. मात्र पियानो अ‍ॅकॉर्डियनवर ज्या गोष्टी अनायास होतात, नेमक्या त्याच या संगीतात आवराव्या लागतात, आणि ते आवरणे शिकण्यातच माझे बहुतेक महिने गेले.

आयर्लंडमध्ये नुसते ‘बॉक्स’ म्हटले की बहुधा बटणांचे अ‍ॅकॉर्डियन समजले जाते. बी/सी किंवा सी शार्प/डी अशा (नावे ओळींच्या मूळ स्वरांची) दोन ओळींच्या त्या वाद्यात एकच बटण भाता दाबताना एक स्वर देते आणि ओढताना दुसरा. त्यामुळे वादकाला भात्याची दिशा सतत बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलाबरोबर स्वराला आपोआप एक बारीक झटका मिळतो. गॉलवे परगण्यातलेच बटण अ‍ॅकॉर्डियनवादक जो कूली यांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकले की हा झटका नाचणाऱ्याच्या पावलाला कसा उचलून धरतो ते कळते. पियानो अ‍ॅकॉर्डियनमध्ये पट्टी दोन्ही दिशांना तोच स्वर देते, भाताही मोठा असतो, त्यामुळे एका ओढीत रीलच्या (जलद नृत्यचालीच्या) एका भागाचा निम्मा हिस्सा सहज निघून जातो आणि स्वर एकमेकांना चिकटून, गुळगुळीत येत राहतात. भजनाला किंवा नाट्यपदाला पेटीची साथ करताना हाच गुण आपण मेहनतीने कमावलेला असतो. रीलमध्ये तो लयीला झोपवून टाकतो.

यावरचा उपाय बोटांत शोधावा लागतो. रील अगदी आरामात वाजत असली तरी सेकंदाला सातच्या आसपास स्वर जातात, आणि त्यांतला कोणता स्वर तोडायचा व कोणता पुढच्याला जोडायचा हे ठरवल्याशिवाय चाल नाचत नाही. मी आधी प्रत्येक स्वर निम्म्या लांबीवर सोडून देण्याचा सराव केला. तो कानाला कोरडा लागतो, पण बोटांना उचलण्याची सवय लागते. नंतर दोन-दोन स्वर जोडायला घेतले, तेही ठोक्यावरून सुरू करून नव्हे, तर ठोक्याच्या आधीच्या स्वरापासून ठोक्यावरच्या स्वरापर्यंत. फिडलवादकांचा (फिडल म्हणजे व्हायोलिनच) गज असाच ठोका ओलांडून जातो. शेजारी बसून त्यांचा उजवा हात बघत राहणे हा माझ्यासाठी सर्वांत उपयोगी धडा ठरला.

ट्रिपलेटविषयी थोडे बारकाईने लिहिते, कारण पेटीवाल्यांना हे सर्वस्वी नवे आहे. एकाच पट्टीवर अनामिका, मधले बोट आणि तर्जनी अशी तीन बोटे एकामागून एक पडतात आणि दोन स्वरांच्या जागेत तीन आघात बसतात. पट्टी वर येण्याआधीच पुढचे बोट पडले तर तीन स्वरांऐवजी एकच थरथरता स्वर ऐकू येतो. बोटे वरून आपटू नयेत; पट्टीच्या कडेजवळ, तळहाताकडे ओढून घेतल्यासारखी घसरवावीत, म्हणजे पट्टीला परतायला वाट मिळते. मनगट सैल हवे. पट्टी तळापर्यंत दाबण्याचीही गरज नसते, कारण पट्टीला जोडलेली, हवा सोडणारी झडप त्याआधीच पुरेशी उघडलेली असते. हे कळायला वेळ लागला, पण कळल्यावर वेग आपसूक वाढला.

रोल हा दुसरा मोठा विषय. मूळ स्वर, वरचा, पुन्हा मूळ, खालचा आणि परत मूळ असा तो पाच स्वरांचा वळसा आहे. कागदावर पाहिला की आपल्याला मुरकी आठवते आणि हात लगेच तिकडे वळतो. पण मुरकीत आपण वरचा-खालचा स्वर गोडीने ऐकवतो. रोलमध्ये ते स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येणे अपेक्षितच नाही. मूळ स्वराचे तुकडे पाडणारे ते आघात आहेत, आपल्या खटक्याच्या जास्त जवळचे. जिगमध्ये (तीन-तीन स्वरांच्या गटांतल्या नृत्यचालीत) लांब रोल तीन स्वरांची जागा घेतो आणि त्या तिन्ही जागा श्रोत्याला मोजता आल्या पाहिजेत. पांढरी सहावरचा (सी म्हणजे पांढरी एक धरून) रोल सोपा आहे, कारण वर पांढरी सात आणि खाली पांढरी पाच. पांढरी पाचवर मात्र खालचा स्वर काळी तीन येतो, बोट उंच पट्टीवर चढवून उतरवावे लागते आणि तेवढ्यात लय अडखळते. अशा ठिकाणी मी बहुतेक वेळा रोल सोडून साधा कट (वरच्या स्वराचा एकच झटपट स्पर्श) घेते, आणि माझ्या मते तो जास्त शोभतो. उलट काळ्या पट्टीचा एक फायदाही आहे: काळी एकवरून पांढरी दोनवर तेच बोट घसरवले की फिडलवरच्या छोट्या मींडीची जाणीव देणारी जागा मिळते. ती वारंवार घेतली की मात्र स्वस्त वाटू लागते.

भात्याबाबत एवढेच सांगते की दिशा कुठे बदलायची हे चालीबरोबरच पाठ करावे. वाक्याच्या शेवटी बदलली तर वाक्य सुटे होते. मधल्या एखाद्या जोरदार ठोक्यावर मुद्दाम बदलली तर बटणवाल्यांचा तो झटका थोडाफार आपल्यालाही मिळतो.

आता लागणीविषयी, म्हणजे सूर कसे लावलेले आहेत त्याविषयी. मधल्या सप्तकातले दोन सूर मुद्दाम किंचित वेगळ्या उंचीवर लावले की त्यांच्यात लहर निर्माण होते. ४४० हर्ट्झच्या स्वराला दुसरा सूर २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असेल तर सेकंदाला पाचेक लहरी येतात. फ्रेंच म्युझेट शैलीचा तो प्राण आहे, आणि माझे वाद्य तशाच लागणीचे होते. घरी एकट्याने वाजवताना ते भरदार वाटे. फिडल आणि लाकडी बासरीच्या शेजारी बसले की तीच लहर प्रत्येक स्वराची कड पुसून टाकत असे. शेवटी एका कारागिराकडून लागण बदलून घेतली. सूर म्हणजे पोलादाची पातळ जीभ. टोकाजवळ किंचित खरवडली की सूर चढतो, मुळाजवळ खरवडली की उतरतो. पेटीचे सूर लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. येथे मात्र दाबण्याचा आणि ओढण्याचा सूर वेगवेगळा असतो, त्यामुळे माझ्या वाद्यात एकट्या उजव्या बाजूला २०४ जिभा आहेत, आणि लहर कमी करण्यासाठी त्यांतली ६८ जिभांची एक रांग पुन्हा लावावी लागली. आता ती लहर सेकंदाला एक-दीडवर आली आहे. काम वेळखाऊ आहे आणि खर्चही बराच येतो, म्हणून घेतानाच कोरड्या (म्हणजे लहर नसलेल्या) किंवा जवळजवळ कोरड्या लागणीचे वाद्य पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. सेशनमध्ये (पबमध्ये एकत्र बसून वाजवण्याच्या मैफलीत) मी बहुतेक वेळ एकच मधला सूर चालू ठेवणारे बटण दाबून ठेवते. आवाज अर्धा होतो, स्वर लगेच बोलतो आणि दुसऱ्यांचे ऐकू येते. खर्जाच्या जाड जिभा उशिरा बोलतात, त्यामुळे जलद चालीत त्या मागे रेंगाळतात.

डाव्या हाताबद्दलचे माझे मत सर्वांना पटेलच असे नाही. तयार मेजर, मायनर आणि सेव्हन्थ कॉर्ड बोटाखाली असतात, त्यामुळे ते वापरण्याचा मोह मोठा असतो. पण आयरिश चाली मुळात एकाच सुरावटीच्या, साथीशिवाय उभ्या राहणाऱ्या आहेत, आणि सेशनमध्ये गिटार किंवा बुझुकी (साथीचे एक तंतुवाद्य) वाजवणारा बहुधा असतोच. त्याचा कॉर्ड आणि आपला कॉर्ड वेगळा पडला की चालीचा घोटाळा होतो. मी डी आणि ए ही शेजारशेजारची दोन बास बटणे एकत्र दाबते. त्यातून षड्ज-पंचमाची पोकळ जोडी मिळते, तंबोऱ्यासारखी. गंधार नसल्यामुळे चालीत तो शुद्ध असो वा कोमल, ही जोडी कुठेच खटकत नाही. चालीच्या दुसऱ्या फेरीत चार-दोन ठिकाणी तेवढा आधार दिला की पुरतो. बाकी वेळ डावा हात भात्यासाठीच राखावा.

आपल्या कानाला हे संगीत लवकर जवळचे वाटते, त्याचे एक कारण स्वरांत आहे. अनेक चाली पांढरी दोन किंवा पांढरी पाचच्या षड्जावर शुद्ध स्वरांत आहेत. पांढरी तीनवरच्या डोरियन चालींत काफी थाटाचे स्वर लागतात आणि मिक्सोलिडियन चालींत खमाज थाटाचे. चलन अर्थातच वेगळे, पण स्वर पाठ करायला ही ओळख कामी येते. अडचण निषादाची आहे. पांढरी दोनच्या षड्जाचा निषाद जुने फिडलवादक आणि पाइपवादक (आयरिश बॅगपाइप वाजवणारे) पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवतात, आणि तो स्वर पियानो अ‍ॅकॉर्डियनमध्ये नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हाचे एक मोठे कारण हेच होते की ठरावीक पट्ट्यांच्या वाद्यात मधल्या श्रुती आणि मींड मिळत नाहीत. त्या जागी मी स्वर अगदी आखूड ठेवते किंवा तेवढ्यापुरती गप्प बसते, आणि फिडलला तो घेऊ देते.

पियानो अ‍ॅकॉर्डियनविषयी येथे काही जुनेजाणते वादक अजूनही साशंक असतात, आणि ऐकलेल्या काही वादनांवरून ती शंका अनाठायी आहे असे मला म्हणवत नाही. हे वाद्य मोठ्याने आणि सलग वाजले की बाकीच्यांना बुडवते. पण रॉसकॉमनचे अ‍ॅलन केली, गॉलवे परगण्याच्या मिरेला मरी, शिकागोचे जिमी कीन, लंडनमध्ये जन्मलेल्या कॅरन ट्वीड आणि डोनेगलचे मार्टिन टूरिश यांचे वादन ऐकल्यावर वाद्याला दोष देता येत नाही. टूरिश २००८ साली टीजी ४ वाहिनीच्या पुरस्कारांत वर्षातील युवा संगीतकार ठरले होते. १९५१ साली स्थापन झालेल्या कोल्तस या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या फ्ला कोल महोत्सवात पियानो अ‍ॅकॉर्डियनसाठी वेगळी स्पर्धाही असते. आपल्याकडे गुडी सीरवाई आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी चित्रपटसंगीतात हे वाद्य रुजवले; त्यांच्या वादनावर वाढलेल्या माझ्यासारखीला लहर आणि भरणा कमी करणे सुरुवातीला जड गेले. नव्याने येणाऱ्याने आधी संथ गतीच्या सेशनला जावे, सेशनमध्ये आणखी एखादे पियानो अ‍ॅकॉर्डियन असेल तर आळीपाळीने वाजवावे, आणि जी चाल येत नाही ती ऐकत बसावे. कॉर्ड धरून बसू नये.

देखभालीत हवामानाचा भाग मोठा आहे. गॉलवेची हवा ओलसर. थंडीतून येऊन उबदार पबमध्ये लगेच पेटारा उघडला तर पोलादी जिभांवर दव धरते आणि पुढे गंज येतो, म्हणून पेटारा थोडा वेळ बंदच ठेवते. वाद्य वाजवताना असते तसे उभे ठेवावे, म्हणजे जिभांवरच्या चामड्याच्या झडपा लोंबत नाहीत. हिवाळ्यात माझ्या वाद्यातली एक झडप वळली होती आणि तो स्वर खरखरत उशिरा येई. झडप बदलल्यावर ठीक झाला. जिभा मेणाने बसवलेल्या असतात आणि मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, त्याच्या बरेच आधी मऊ पडते. कोणी हे वाद्य नागपूर-अकोल्याकडे नेणार असेल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते क्षणभरही ठेवू नये.

आकाराविषयी माझे मत पक्के झाले आहे. १२० बटणांचे पूर्ण आकाराचे वाद्य दहा-बारा किलोंचे असते आणि पबच्या बाकावर दोन माणसांमध्ये बसून ते वाजवणे कष्टाचे आहे. ४८ बटणांचे वाद्य हलके, पण त्यात सहसा २६ पट्ट्या असतात आणि फिडलच्या सर्वांत जाड तारेवरचे खालचे स्वर त्यात बसत नाहीत. ३४ पट्ट्यांचा सर्वांत खालचा स्वर आणि फिडलची ती खुली तार एकच, त्यामुळे चाल कितीही खाली उतरली तरी तिचा एखादा तुकडा वरच्या सप्तकात न्यावा लागत नाही. सात-आठ किलोंचे वजन डावा पट्टा उजव्यापेक्षा किंचित आखूड ठेवून आणि भाता डाव्या मांडीवर टेकवून निभावते. नवे चांगले इटालियन वाद्य दोन-तीन हजार युरोंच्या पुढे जाते. जुने घेताना प्रत्येक पट्टीवर एका सुरात, दाबताना आणि ओढताना, वर सांगितलेला ट्रिपलेट वाजवून पाहावा. ज्या पट्टीवर तीन आघात स्वच्छ येत नाहीत तिची स्प्रिंग थकलेली आहे किंवा जिभेची मांडणी बिघडलेली आहे, आणि किंमत ठरवताना ती दुरुस्ती धरून बोलावे.