कोटिंगचे 18,000 रुपये गेले, आणि दार रंगवलेलं निघालं

दसऱ्याला गाडी दारात हवी, एवढंच आमच्या डोक्यात होतं. रंग गडद निळा. बुकिंग करतानाच सेल्समन म्हणाला, “सर, या रंगावर ओरखडे फार उठून दिसतात. सिरॅमिक कोटिंग करून टाकू, रंगावर पारदर्शक थर बसतो, 18,000 रुपयांत. पाच वर्षं बघायला नको.” पैसे यूपीआयने घेतले, तेही शोरूमच्या नाही, भलत्याच नावाच्या खात्यात. पावती साध्या कागदावर, जीएसटीचा पत्ता नाही. तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

डिलिव्हरी संध्याकाळी सातला. दिव्यांचा झगमगाट, हार, पेढे, आईच्या हातात औक्षणाचं ताट. सेल्समनने बाटलीतलं पाणी बॉनेटवर ओतलं. टपोरे मणी झाले आणि घरंगळत खाली गेले. “बघा, कोटिंग!” आम्ही खूश. त्या आनंदात गाडीभोवती एक चक्करसुद्धा नीट मारली नाही आणि ‘वाहन सुस्थितीत मिळाले’ यावर सही केली.

दिवाळीच्या पाडव्याला पूजेसाठी गाडी धुऊन कोवळ्या उन्हात लावली. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, आणि पाण्याचे मणी गायब, पाणी नुसतंच पसरत होतं.

डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांच्या बारीक सफाई-पॉलिशचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडे नेली. त्याने टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काका, डिलिव्हरीच्याच दिवशी पाणी ओतून दाखवलं?” सिरॅमिक लावायचं तर आधी रंगात रुतलेले कण काढायचे, क्ले (मातीसारखा मऊ गोळा) फिरवायची, पॉलिश करायचं, मग कोटिंग, आणि त्यानंतर निदान 24 तास पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. माझी गाडी यार्डातून (नव्या गाड्या उभ्या ठेवतात त्या जागेतून) शोरूमला आलीच त्या दिवशी दुपारी, गेटपासवर वेळ आहे. म्हणजे चोळलं होतं ते साधं वॅक्स. मणी त्यानेही होतात, पण ते काही आठवड्यांत उतरतं. ओरखडे यार्डातल्या मळक्या फडक्याचे, वॅक्सने तेवढे झाकले होते.

मग त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. सगळीकडे 100 ते 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डाव्या मागच्या दारावर 270. दार नव्याने रंगवलेलं होतं. मला खरा धक्का तो बसला.

मॅनेजर म्हणाला, “तुमच्या ताब्यात गेल्यावर लागलं असेल.” सही माझी, पासिंग झालेलं. काय बोलणार? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गेटपासचा फोटो जोडला. महिन्याभराने कोटिंगचे पैसे परत आले. दाराचं काहीच नाही.

गाडी घेणार असाल तर कृपा करून आरटीओ पासिंगच्या आधी ती दिवसा, उघड्यावर बघा. लेखी कळवा: धुऊ नका, पॉलिश करू नका, प्लास्टिकही काढू नका. धुळीने माखलेली असली तरी चालेल, आपण स्वतः पाणी मारून घ्यावं. मीटर असलेला माणूस सोबत न्या. बिघाड दिसला तर त्या क्षणी गाडी नाकारता येते, पासिंगनंतर नुसती भांडणं उरतात. कोटिंग हवंच असेल तर बाहेर, बाटलीचं सील आपल्यासमोर फोडून, पक्क्या बिलावर.

आमच्या गाडीचं ते दार उन्हात अजून शेजारच्या दारापेक्षा किंचित काळपट दिसतं. आईच्या लक्षात आलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.