तपकीर गल्लीतलं लॅपटॉप रिपेअरचं दुकान : आधी ड्राइव्ह ओळखली, मग विकली

मी पुण्यात कोथरूडला घरूनच डीटीपीचं (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं मांडायचं) काम करते. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे मंडळांचे कार्यअहवाल, पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका, सगळं एकदम अंगावर येतं आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बसला. बसला म्हणजे चालू होता पण कोरलची (डिझाइनचं सॉफ्टवेअर) एक फाइल उघडायला पाच-सहा मिनिटं, टास्क मॅनेजर बघावं तर काहीही चालू नसताना डिस्क 100 टक्के.

घराजवळच्या एका दुकानात दाखवला (नाव लिहीत नाही). एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाका म्हणाले, ते बरोबरच होतं. आत एम डॉट टूचा स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) रिकामा होता, त्यात 512 जीबीचं एसएसडी कार्ड बसवलं. नीट बसलं, स्क्रू पण लागला, पण लॅपटॉपला ते दिसेचना. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) नाही, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही. दोनदा काढून घातलं आणि मग सांगितलं की मॅडम तुमचा स्लॉट डेड आहे, मदरबोर्ड रिपेअरला पाठवावा लागेल, 4,500 रुपये आणि आठवडा लागेल. कार्ड परत घ्या म्हटलं तर सील फोडलंय, परत होणार नाही. दोन अहवाल अर्धवट असताना आठवडाभर लॅपटॉप कुठून देऊ मी, रात्री झोप लागली नाही खरंच.

दुसऱ्या दिवशी आयडियल कॉलनीला मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला बदलली आणि मंडईला उतरून चालत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. (गाडी नेऊच नका तिकडे, मेट्रोने जा.) दुकान अगदी छोटं, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, एका वेळी तीन माणसं उभी राहिली की भरलं. टेबलावर रबराची निळी मॅट आणि स्क्रूसाठी चुंबकाच्या वाट्या, प्रत्येक लॅपटॉपचे स्क्रू वेगळ्या वाटीत. हे बघूनच जरा बरं वाटलं.

तिथल्या दादांना सगळं सांगितलं. त्यांनी मदरबोर्डचा विषयच काढला नाही, आधी कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ताई, ह्या सोनेरी पट्टीला खाचा किती दिसतात?" दोन होत्या. मग ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढून शेजारी ठेवलं, लांबी-रुंदी अगदी तीच, 22 बाय 80 मिलिमीटर, पण खाच एकच. म्हणाले, "तुमचं कार्ड साटाचं आहे, हे एनव्हीएमई आहे, डेटा पाठवायची पद्धतच वेगळी. तुमच्या मॉडेलचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतो. साटाचं कार्ड त्यात बसतं पण दिसत नाही." आणि लगेच स्वतःचं टेस्टिंगचं कार्ड लावून बायोस उघडून दाखवलं, नाव आलं! दोन मिनिटं पण लागली नाहीत. स्लॉट ठणठणीत होता आणि मी 4,500 रुपये द्यायला निघाले होते.

हेही सांगितलं की नुसत्या खाचा मोजून पक्कं ठरवायचं नाही, कारण दोन खाचांची काही एनव्हीएमई कार्डं पण असतात आणि एक खाच असलेलं साटाचं पण सापडतं. स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघायचा आणि लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट काय घेतो ते बघायचं. एम डॉट टू हे फक्त कार्डाच्या आकाराचं आणि स्लॉटचं नाव आहे, आतून ते कशाने बोलतं ते वेगळं. हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, मी एम डॉट टू म्हणजे फास्ट असंच धरून चालले होते.

मग माझी मूळ डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून दाखवलं, रोटेशन रेटसमोर 5400 आरपीएम, म्हणजे फिरणारी साधी हार्डडिस्क, आणि हेल्थच्या चौकोनात पिवळ्या रंगात कॉशन. खराब सेक्टर (डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा) वाढत होते. नुसती स्लो नव्हती, जायच्या वाटेवर होती आणि माझे आठ वर्षांचे क्लायंटचे फोल्डर त्याच डिस्कवर! त्यामुळे आधी डेटाची कॉपी बाहेरच्या डिस्कवर, मग क्लोनिंग (जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणं), ह्या क्रमाबद्दल ते ठाम होते.

मला सगळ्यात आवडलं ते हे की महागडं गळ्यात मारलं नाही. मीच विचारलं की सगळ्यात फास्ट कोणती, तर म्हणाले साटाची एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत जाते, जेन थ्री (म्हणजे तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई 3,500 च्या आसपास, जेन फोर 7,000 पर्यंत, पण तुमचा लॅपटॉप जेन थ्रीचाच, त्यात जेन फोर टाकली तरी जेन थ्रीच्याच स्पीडने पळणार. आणि तुम्हाला खरा फरक जाणवणार तो फिरणारी डिस्क सुटल्याचा. त्यांच्याकडूनच एनव्हीएमई घेतली आणि तसंच झालं. आता विंडोज पंधरा सेकंदांत उघडतंय आणि ती कोरलची फाइल क्लिक केल्या केल्या.

आधीचं कार्ड पण वाया गेलं नाही, साटा चालणारी यूएसबी केस (कार्ड आत घालून बाहेरून जोडायची डबी) घ्यायला सांगितली (केस घेताना पण हेच विचारायचं, काही केस फक्त एनव्हीएमई घेतात), आता त्यावर बॅकअप ठेवते.

आपली डिस्क कोणती ते घरी बघायचं असेल तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतं, परफॉर्मन्समध्ये जा, डिस्क 0 च्या खाली एसएसडी की एचडीडी (फिरणारी हार्डडिस्क) लिहिलेलं असतं. जुन्या विंडोजमध्ये तिथे दिसत नाही, मग डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज उघडा, मीडिया टाइपच्या रकान्यात दिसतं. यूएसबीने जोडलेल्या डिस्कचा प्रकार मात्र कधीकधी चुकीचा दाखवतं. आणि रिकामा स्लॉट कोणतं कार्ड घेतो ते ह्यातलं काहीच सांगत नाही, माझी फसगत तिथेच झाली.

तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाहीत, तीन वेळा केला. क्लोनिंगला दोन तास म्हणाले होते, खराब सेक्टरमुळे साडेचार लागले, बसायला एकच स्टूल, मी मंडईत जाऊन भाजी घेऊन आले. कार्ड पेमेंट नाही, यूपीआय किंवा रोख. पण लेबर 600 रुपये, जीएसटीचं बिल, बिलावर एसएसडीचा सीरियल नंबर हाताने लिहिलेला आणि काढलेली जुनी डिस्क न मागता पिशवीत घालून परत दिली.

जाताना चार्जर घेऊन जा आणि बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की घरूनच लिहून न्या, दुकानात माझ्या आधी नंबर असलेल्या एका मुलाकडे ती नव्हती, बिचाऱ्याला परत हडपसरला जावं लागलं.